दहा पावलांचा नेम

कमलबाई चार तास एक शब्द बोलल्या नाहीत असं झरीत कुणाला सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी डॉक्टरला दाखवा म्हटलं असतं. कमलबाई झोपेत बोलायच्या, जेवताना बोलायच्या, आणि ऐकायला कुणी नसलं तर म्हशीशी बोलायच्या. पण नेम तो नेम.

नेम असा होता. दरवर्षी भाद्रपदात महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा, सुपात तांदळावर ठेवायचे, वरून खण झाकायचा आणि अंगणातल्या तुळशीपासून उचलायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल पडेपर्यंत सूप कुठं टेकवायचं नाही आणि उंबऱ्यावर रीतीचे प्रश्न विचारले जाईपर्यंत उचलणारीनं तोंडातून शब्द काढायचा नाही. सासूबाई पंचफुलाबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे बजावलं होतं. तुळस ते उंबरा अंतर दहा पावलं. त्रेचाळीस वर्षं कमलबाईंनी ही दहा पावलं दातओठ खाऊन काढली होती.

औंदा त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि थोरल्या लेकानं, महारुद्रनं, ठरवलं की महालक्ष्म्या त्याच्या जिंतूरच्या नव्या घरात बसवायच्या.

"फक्त औंदा, माय. तुज्या गुडघ्यामुळं," तो म्हणाला होता.

कमलबाईंनी तीन दिवस भांडण केलं. चौथ्या दिवशी हो म्हणाल्या, पण अट घातली. तुळस झरीची, उंबरा जिंतूरचा, मधे शब्द नाही.

"अगं माय, मधी वीस-पंचवीस किलोमीटर हायेत!"

"असू दे. देवीला काय किलोमीटर कळतेत व्हय?"

त्यात जिंतूरच्याही पुढं येलदरीला जाऊन सुलाबाईंना, म्हणजे नवऱ्याच्या, बन्सीधररावांच्या, थोरल्या बहिणीला आणायचं होतं. हातात दिवा घेऊन माहेरवाशीण पुढं चालल्याशिवाय महालक्ष्म्या या घरात कधी आत आल्या नव्हत्या. आणि एकदा जिंतूरचा उंबरा ओलांडला की तीन दिवस त्या बाहेर निघणार नव्हत्या, म्हणून आधी सुलाबाई, मग उंबरा. सकाळी अकराला कमलबाईंनी सूप उचललं, तोंड मिटलं आणि गाडीत बसल्या.

महारुद्र गाडी चालवत होता. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, त्यामुळं आरशातून मागच्यांवर लक्ष ठेवायची त्याला सवय होती. शेजारी बन्सीधरराव. मागं खिडकीशी सूप मांडीवर घेतलेल्या कमलबाई, मधे महारुद्रची आठ वर्षांची लेक भक्ती, आणि पलीकडं धाकटा राम, पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून आलेला. रामच्या बायकोला, मनिषाला, सुट्टी मिळाली नव्हती. ती कधीच मिळत नसे.

दोन्ही बाजूंनी रान नुसतं हिरवंगार झालं होतं. सोयाबीन कमरेला लागलं होतं, कपाशीला फुलं आली होती, तुरी त्यांच्या डोक्यावरून बघत होत्या. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ओळखीची बारा शेतं लागली आणि त्या बारा शेतांबद्दल बोलण्यासारख्या कमलबाईंकडं किमान चोवीस गोष्टी होत्या. कुणाच्या रानात तण माजलं होतं. कुणी बांध कोरून शेजाऱ्याची नांगराच्या दोन तासांची जागा गिळली होती. कमलबाईंनी सगळं गिळलं. सूप तेवढं घट्ट धरलं.

"आजी म्हणायलीय, एसी बंद करा," भक्तीनं जाहीर केलं.

एसी बंद झाला. कमलबाईंनी मान हलवली.

"आजी म्हणायलीय, आजोबांनी तंबाखू खाऊ नाई."

बन्सीधररावांनी खिशातला हात गुमान बाहेर काढला. भक्तीला आजीचा चेहरा पाटीवर लिहिल्यासारखा वाचता यायचा. अर्धा तास ही व्यवस्था फार छान चालली. पुढं मात्र घरच्यांना कमलबाईंचा विसर पडला. माणूस सारखं बोलत असलं की त्याचं कुणी ऐकत नाही, आणि गप्प झालं की ते तिथं आहे हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. बोरी मागं पडली आणि राम मोबाईल पुढं करून म्हणाला,

"भाऊ, हे बघ. मनिषानं मुखवट्याला स्टँड मागवलाय. घडीचा आहे, कपाटात मावतो. एकीला पुरेल ना?"

एकीला. कमलबाईंनी मान वळवली.

महारुद्रनं आरशात बघितलं. "हळू बोल की."

"का? आईला सांगितलं नाही अजून?"

"दादा सांगणार होते."

आता दोन्ही लेकांनी बापाकडं बघितलं. बन्सीधररावांनी आयुष्यभर सोयाबीन पेरलं होतं, पण या घटकेला ते खिडकीबाहेर असे बघत होते की जणू हे पीक आजच पहिल्यांदा दिसलं.

"मग आता सांगून टाकू," महारुद्र म्हणाला. "ही तर बेस वेळ हाय. माय बोलत असती तर जिंतूर येईस्तोवर सुदिक सांगून झालं नसतं." आणि आरशातूनच, वर्गाला धडा समजावून द्यावा तसा, म्हणाला, "माय, ऐक. रागवू नको. पुढच्या वर्षीपासून ज्येष्ठा माझ्याकडं, कनिष्ठा रामकडं पुण्याला. दोघा भावांना एकएक. झरीचं घर खतवाल्याला गोदामाला द्यायचं. तू आन दादा जिंतूरला आमच्यापाशी. तुला ना सडा ना सारवण. आरामात बसायचं."

"दोघांना सारखं, आई," राम म्हणाला. "कुणाची तक्रार नको."

शब्द कमलबाईंच्या दातांपर्यंत आले. नुसते आले नाहीत, धक्काबुक्की करत आले. त्रेचाळीस वर्षं ज्या दोघींना एका पाटावर, एका रंगाच्या दोन साड्या नेसवून उभं केलं, त्यांना हे दोघं बैलजोडी फोडावी तसे फोडायला निघाले होते! एवढ्या दिवसांत ज्येष्ठेला कनिष्ठेशिवाय एक नैवेद्य दाखवला नव्हता. आणि हे ठरलं कधी? कमलबाईंना एवढा संताप आला, की सूप थरथरलं, तांदूळ एका बाजूला गेले आणि खणाखाली दोन मुखवटे एकमेकांवर आपटले. त्यांनी तोंड उघडलं. मांडीवर देवी होती. त्यांनी तोंड मिटलं.

"आजी म्हणायलीय..." भक्तीनं सुरुवात केली, आजीकडं नीट बघितलं आणि थांबली. "आजी काय म्हणायलीय ते मला सांगता येईना."

कमलबाई बन्सीधररावांच्या मानेकडं बघत होत्या. बघून माणसाच्या मानेला भोक पडत असतं तर त्या दिवशी पडलं असतं. बन्सीधररावांनी खिशातून दस्ती काढली आणि मान पुसली.

"मी काय हो म्हणलो न्हाई," ते पुढं बघतच बोलले. "पोळ्याला ह्यांनी विचारलं. मी न्हाई म्हणलो न्हाई, एवढंच."

"बघ, मायला पटलंय," महारुद्र रामला म्हणाला. "न्हाईतर पायानं सीट हाणली असती."

तेवढ्यात गाडीतला फोन वाजला. महारुद्रची बायको प्रियांका जिंतूरच्या घरी एकटीनं तयारी करत होती. महारुद्रनं बटण दाबलं आणि तिचा आवाज गाडीभर झाला.

"कुठवर आलात?"

"आत्ता जिंतूर ओलांडलं, बाहेरूनच. आत्याला घेऊन मागं फिरतो."

"शेपूची भाजी झालीय, भाकऱ्या करायलेय. आन आवो, आईंना खरं सांगितलंत का न्हाई? मी पुन्हा सांगायलेय, मला हे बिलकूल पटलेलं न्हाई. तुमी दोघा भावांनी बसून वाटण्या केल्या. देवी हाय का बांध हाय? आईंचं आईंपाशी राहू द्या की. मी काय दरवर्षी रजा टाकून झरीला जात न्हाई का? त्यांनाच त्यांच्या घरातून उठवायलात, आन उद्या गाव म्हणंल सुनंनं केलं—"

"बरं बरं, मी गाडी चालवायलोय," म्हणून महारुद्रनं घाईनं फोन बंद केला.

कमलबाईंच्या मनात भलताच गोंधळ उडाला. झरीत सूप उचलताना त्यांची पक्की खात्री होती, की जिंतूरचं हे खूळ सुनेचंच. अकरा वर्षांत घरात जे जे वाकडं झालं ते सुनेचंच, हा हिशोब त्यांनी म्हशीला रोज सांगितला होता. आणि आता सबंध घरात त्यांच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस निघालं, आणि ते तिकडं भाकऱ्या थापत होतं. कमलबाईंना लाज वाटली. बोलता येत असतं तर त्यांनी ती लाज दुसऱ्या कशावर तरी ढकलली असती. बोलता येत नव्हतं, म्हणून ती मांडीवरच्या सुपासारखी धरून बसावी लागली.

येलदरीत सुलाबाई सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. नवी साडी, पिशवी भरलेली, चपला पायात. वर्षातून तीन दिवस माहेर, या तीन दिवसांसाठी त्या श्रावणापासून पिशवी भरायच्या. बन्सीधररावांनी उतरून बहिणीच्या पायाला हात लावला. राम म्हणाला, आलोच आहोत तर धरणाचे उघडलेले दरवाजे बघून घेऊ, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. त्याला मोबाईलमध्ये पाणी घ्यायचं होतं. गाडी धरणाकडं वळली.

दरवाजांतून पूर्णेचं पाणी फेसाळत उडत होतं, तुषार पार रस्त्यावर येत होते. सणाच्या सुट्टीमुळं माणसांची ही गर्दी. कडेला तळलेल्या मासळीच्या गाड्या लागल्या होत्या. महारुद्रनं देवीसाठी म्हणून काचा वर केल्या. रामनं काचेतून दोनदा तिकडं बघितलं आणि दोन्ही वेळा आकाशाकडं बघितल्यासारखं केलं. मग सगळे उतरले आणि गाडीत नणंद-भावजय दोघीच राहिल्या.

"कशी हायेस गं कमळे?" सुलाबाई म्हणाल्या.

कमलबाईंनी सुपाकडं बोट केलं, मग ओठांवर ठेवलं.

सुलाबाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या बघतच राहिल्या.

"अगं माय! ते अजून पाळायलीस तू? खरंच?"

कमलबाईंच्या भुवया वर गेल्या.

"आगं, कुठला नेम आन कुठलं काय! आमच्या माईनं कधी तोंड मिटलं होतं? गाणं म्हणत आणायची ती महालक्ष्म्या. तू नवी आलीस त्या वर्षी तुळशीपाशी अशी बोलायलीस, अशी बोलायलीस, की भटजीला मंतर आठवंना. माई चुलीपाशी मला म्हणली, सुले, ह्या पोरीच्या तोंडाला मी काय कुलूप लावणार, देवीचंच लावते. आन लावलं." सुलाबाई हसता हसता थबकल्या. "मला वाटलं, तुला कवाच कळलं असंल."

कमलबाईंना कळलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षं. पहिल्या बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं, अंगात ताप असताना, एकदा तर पायात काटा मोडला असताना, तोंडातून हुं न काढता त्यांनी ती दहा पावलं चालून दाखवली होती. आणि सासूबाई उंबऱ्याच्या आत उभ्या राहून किती शांतपणे बघायच्या! ती शांतता श्रद्धेची वाटायची. ती सुखाची होती! कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला, आणि मग काय झालं कोण जाणे, पोटातून असं हसू फुटलं की तांदूळ उडाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सासू आवडली.

"आता तरी बोल की," सुलाबाई म्हणाल्या.

कमलबाईंनी तोंड उघडलं. समोरून चौघं पाण्यानं चिंब होऊन येत होते. महारुद्र बापाला काही समजावत होता, राम हातवारे करत होता, आणि बन्सीधरराव कशालाही नाही म्हणत नव्हते. कमलबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. जन्मभर बोलून जे कळलं नव्हतं ते आज सकाळपासून गप्प बसून कळलं होतं. असली सोय हातची घालवायला त्या काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी ओठ मिटले, सुलाबाईंचा हात दाबला आणि खण नीट केला.

परतीच्या वाटेवर रामनं आत्यालाही योजना सांगितली. सुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग मी कुठं यायचं रे?"

"जिंतूरला या, पुण्याला या, आत्या. दोन-दोन माहेरं झाली तुम्हाला."

"झरीच्या घरात गोण्या ठेवणार? देवघराच्या खोलीत बी?"

"सगळीकडंच ठेवंल की तो, आत्या," महारुद्र म्हणाला. "गोदाम म्हणल्यावर."

थोड्या वेळानं सुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि वारं लागायलंय म्हणाल्या. काचा तेव्हाही वरच होत्या. बन्सीधररावांनी बहिणीकडं मागं वळून बघितलं, काही बोलावं असं त्यांच्या तोंडावर आलं, आणि नेहमीसारखं तोंडावरच राहिलं. कमलबाईंचं मात्र तिथंच ठरलं. स्वतःच्या घरातून उठायचं दुःख त्यांनी कदाचित कण्हत-कुंथत गिळलंही असतं. पण पिशवी भरून ओट्यावर बसलेल्या या बाईला पुढच्या श्रावणात काय सांगायचं?

जिंतूरच्या नव्या वसाहतीत शेजारच्या पाच-सहा जणी हळदीकुंकू घेऊन दारात थांबल्या होत्या. तीन वाजून गेले होते. कमलबाई सूप घेऊन उतरल्या, गुडघा ठणकला, त्या डगमगल्या नाहीत. सुलाबाई दिवा घेऊन पुढं झाल्या. कुंकवाच्या पावलांवरून दोघी दारापर्यंत आल्या. आत प्रियांका उभी होती, कपाळाला पीठ, केस विस्कटलेले. रीतीप्रमाणं तिनं विचारलं,

"कोण आलं?"

कमलबाईंनी श्वास घेतला. सगळं घर ऐकायला लागलं, कारण सकाळपासूनचा तो त्यांचा पहिला शब्द असणार होता.

"ज्येष्ठा-कनिष्ठा आल्या. दोघी बहिणी. जोडीनं आल्या."

"काय घेऊन आल्या?"

"धनधान्य घेऊन आल्या, लेकराबाळांचं सुख घेऊन आल्या."

"किती दिस राहणार?"

इथं उत्तर असायचं, तीन दिस राहणार, सुखानं नांदणार. कमलबाई उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"तीन दिस राहणार. चौथ्या दिवशी झरीला आपल्या घरी जाणार. पुढल्या वर्षी झरीलाच येणार, दोघी मिळूनच येणार. आमच्या घरात गोणी ठेवंल त्याच्या घरी आमी येणार न्हाई."

आणि आत पाऊल टाकलं.

महारुद्र म्हणाला, "माय, हे काय मधीच—"

"गप रे!" सुलाबाई गरजल्या. दिवा हातात असल्यामुळं त्या फार खऱ्या दिसत होत्या. "उंबऱ्यावरचं बोलणं उचलणारीचं नसतंय. घरातनं निघाल्यापासून मुकी आणायची ती त्याच्यासाठीच. पहिला बोल देवीचा. आमच्या माईनं घालून दिलेला नेम हाय."

कमलबाईंनी नणंदेकडं बघितलं. सुलाबाईंचा चेहरा पितळी मुखवट्याइतकाच स्थिर होता. पंचफुलाबाईंची लेक शोभत होती.

"खरंय," दारातली एक शेजारीण म्हणाली. "आमच्याकडं बी असंच असतंय." दुसऱ्या दोघींनी लगेच माना डोलावल्या. पाच मिनिटांत हा नेम जिंतूरभर शंभर वर्षांचा जुना झाला असता.

"पण आई, तो स्टँड—" राम म्हणाला.

"त्याच्यावर धुणं वाळत घाल म्हणावं मनिषाला."

महारुद्रनं बापाकडं बघितलं. बन्सीधररावांनी दोन्ही हात जोडले होते. "मी काय म्हणणार बाबा," ते म्हणाले, "देवीच बोलली." या वेळी न्हाई न म्हणणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आलं.

कमलबाईंनी सूप पाटावर ठेवलं. हात मोकळे झाल्यावर त्यांनी प्रियांकाच्या कपाळाचं पीठ पदरानं पुसलं आणि कुंकू लावलं.

"सगळ्या भाकऱ्या एकटीनंच केल्यास का गं?"

अकरा वर्षांत सासूनं विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याच्या पाठीमागं दुसरा प्रश्न नव्हता. प्रियांका उत्तर द्यायला गेली आणि तिला रडूच आलं. "नुसत्या पंचवीस तर हायेत, आई," ती म्हणाली.

मग साड्या नेसवायचं काम सुरू झालं. कमलबाई, सुलाबाई आणि प्रियांका तिघी पदर-निऱ्यांत गुंतल्या, भक्ती टाचण्या धरून उभी राहिली. बन्सीधरराव दोन-तीनदा दारापर्यंत येऊन गेले. शेवटी आत आले, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले,

"अगं, चौथ्या दिशी मला बी नेणार ना झरीला?"

कमलबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग ओठ मिटून घेतले आणि कनिष्ठेच्या निऱ्या सारख्या करायला लागल्या.

बन्सीधरराव वाट बघत उभे राहिले. भक्तीला त्यांची दया आली.

"आजी, आता तर नेम संपला ना?"

"तो संपला," कमलबाई म्हणाल्या. "हा आजोबांपुरता हाय. तीन दिसांचा."